गोदातीरींचें संकेतस्थळ

शब्दांचे भोग मोठे विचित्र असतात. ‘संकेतस्थळ’ हा शब्दच पाहा. ज्या जागीं प्रियजनांनीं एकमेकांस भेटण्याचा आगाऊ संकेत केलेला असे, ती जागा म्हणजे संकेतस्थळ, असा ह्या शब्दाचा आपल्या काव्यशास्त्रांतला अर्थ. आज तोच शब्द आपण आंतरजालावरील पानांना लावतों, आणि नाशिकचीं तरुण माणसें पहिल्या प्रकारच्या संकेतस्थळाचा शोध ह्या दुसऱ्या प्रकारच्या संकेतस्थळावर घेतात: कोठें बसावें, कोठें जेवावें, सूर्यास्त कोठून बरा दिसेल. वडील मंडळींस ह्यांत पाश्चात्त्यांचें अनुकरण दिसतें. अनुकरणच म्हणावयाचें तर तें फार जुन्या आणि आपल्याच घरच्या माणसांचें आहे.

सातवाहन राजा हाल ह्याच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या ‘गाथासप्तशती’ ह्या महाराष्ट्री प्राकृतांतील संग्रहांत गोदावरी वारंवार येते, आणि ती पुष्कळदां भेटीगांठींची नदी म्हणून येते. त्यांतील एका गाथेनें तर काव्यशास्त्राच्या इतिहासांत कायमचें स्थान मिळविलें आहे. कोणी एक धार्मिक गृहस्थ नदीकाठच्या झाडींत फिरावयास जातो. तीच झाडी एका स्त्रीची संकेताची जागा आहे. ती त्याला जा म्हणत नाहीं. उलट, आतां खुशाल फिरा, तुम्हांला भिवविणारें तें कुत्रें आज मेलें, असें सांगते, आणि त्याच श्वासांत जोडते कीं त्याला मारणारा सिंह ह्याच झाडींत राहतो. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त ही गाथा घेतली ती शब्द ‘या’ म्हणत असतां अर्थ ‘येऊं नका’ असा कसा निघतो हें दाखविण्यासाठीं. तेव्हांपासून ही गाथा ध्वनीचें उदाहरण म्हणून शिकविली जाते. ती गाथेंतली झाडी नाशिकचीच, असा हट्ट मी धरीत नाहीं. गोदावरी लांब आहे.

परंतु मला ह्या गाथेंत ध्वनीहून त्यामागचें भांडण अधिक विचार करण्यासारखें वाटतें. काठ एक, आणि त्यावर येणारीं माणसें दोन. धार्मिकाच्या येण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. त्या स्त्रीला मात्र ‘ही जागा घटकाभर आम्हांस असूं द्या’ असें म्हणण्याचा अधिकारच नाहीं, आणि अधिकार नाहीं म्हणूनच तिला सिंह निर्माण करावा लागतो. ती खोटें बोलते हें उघड आहे. त्या खोट्याचें उत्तरदायित्व सर्वस्वीं तिच्याकडे जातें काय, हा प्रश्न मात्र कोणी आलंकारिकानें विचारल्याचें माझ्या वाचण्यांत नाहीं.

आजच्या नाशिकांत ती झाडी उरली नाहीं. रामकुंडापासून नारोशंकराच्या देवळापर्यंतचा घाट स्नान, पिंडदान, भाजीबाजार आणि यात्रेकरू ह्यांनीं दिवसभर गजबजलेला असतो; तेथें दोघांनीं बसावें तर शेजारचा भटजीच गोत्र विचारावयाचा. म्हणून जोडपीं गांवाबाहेर सरकलीं. कोणी सोमेश्वराच्या धबधब्याकडे, कोणी गंगापूर धरणाच्या पाण्याकडे, कोणी पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर जातात. खिशांत पैसा असेल तीं द्राक्षमळ्यांत जातात; सुलाचा मद्याचा कारखाना २००० सालीं सुरू झाल्यापासून मळ्यांत फिरणें हा येथें एक उद्योगच होऊन बसला आहे. पैसा नसेल तीं मिसळीच्या दुकानांत बसतात, कारण तेथें गर्दीच इतकी कीं कोणी कोणाकडे पाहत नाहीं. आणि घरीं काय सांगितलें जातें? मैत्रिणीकडे अभ्यास आहे. शिकवणीचा जादा तास आहे. कुत्रें आणि सिंह बदलले, युक्ति तीच राहिली.

ह्या भेटींवर घेतले जाणारे आक्षेप पाहतां त्यांतला पहिला असा कीं, जी प्रीति इतकी आंखावी लागते ती खरी कशी? वेळ ठरवायची, जागा ठरवायची, खर्चाचा मेळ घालायचा. ही प्रीति कीं कचेरी? हा आक्षेप ऐकावयास भारदस्त आहे, पण आपल्या समाजानें तो घ्यावा ही मौजेची गोष्ट आहे. ज्या समाजांत मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम होतो, त्याची तिथि ठरते, पोह्यांचा बेत ठरतो, कोणीं कोठें बसावें आणि कोणता प्रश्न विचारावा हेंही ठरतें, आणि ‘तुम्ही दोघें जरा गच्चीवर बोलून या’ ह्या वाक्याची वेळदेखील ठरलेली असते, त्या समाजाला योजनेचा तिटकारा असेल असें म्हणवत नाहीं. योजना वडिलांनीं केली तर तो रीतिरिवाज आणि दोघांनीं केली तर तो स्वैराचार, असा हा हिशेब आहे. म्हणजे राग योजनेवर नसून योजकावर आहे.

बरें, विवाहित जोडप्यांची स्थिति तरी फार निराळी होती असें नाहीं. नाशिकच्या जुन्या वाड्यांत माजघर, ओसरी, देवघर सर्व कांहीं असे. नवराबायकोनें दोन शब्द बोलावे अशी जागा तेवढी नसे. वडिलांसमोर नवऱ्याशीं बोलणें सुनेला शोभत नसे. मग तीं बोलत कोठें? देवदर्शनाच्या वाटेवर! त्र्यंबकास जावें, सप्तशृंगीस जावें, कुलदैवताचा नवस फेडावा. जेजुरीस तर नवा वर वधूला उचलून गडाच्या कांहीं पायऱ्या चढतो, आणि सासूसासरे कौतुकानें पाहतात. आपल्या धर्मानें जोडप्याची सहल निषिद्ध मानली नाहीं; त्यानें तिला तीर्थाचें नांव दिलें. मला तर वाटतें, आपल्या पुष्कळ आज्यांनीं नवऱ्याचा स्वभाव पहिल्यानें ओळखला तो एखाद्या घाटांत, बैलगाडींत.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. हें क्षेत्र आहे, येथें असले चाळे नकोत, असें म्हणतात. उघड्यावर सभ्यता राखावी ह्याविषयीं वाद नाहीं. तो नियम जोडप्यांना आहे तसा पान खाऊन घाटावर थुंकणारांनाही आहे. पण केवळ शेजारीं शेजारीं बसण्यानें ज्या गांवाचें पावित्र्य ढळतें, त्या गांवाचें दैवत कोण, हें तरी आठवावें. पंचवटींत आपण पूजितों तें सिंहासन नव्हे. राज्य गमावलेल्या एका जोडप्याची पर्णकुटी येथें होती, ह्या श्रद्धेवर हें सारें क्षेत्र उभें आहे. सीतेच्या नांवाची गुंफा आहे, तिच्यापुढें रांग लागते. त्या दोघांस अयोध्येच्या वाड्यांत न मिळालेला सहवास येथें मिळाला म्हणून जेथें आपण हात जोडतों, तेथेंच दुसऱ्या कोणा दोघांस दंडुका दाखवावा, हें मला कांहीं केल्या जुळवितां येत नाहीं.

आणि पावित्र्याची ढाल नाशिकानें पूर्वींही पुढें केली आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड प्रभृतींनीं तो वर्षानुवर्षें चालविला, तरी तीं दारें उघडलीं नाहींत. जन्मावरून माणसाला देवाच्या दारीं अडविणें आणि दोघांना बाकावरून उठविणें ह्यांची बरोबरी करणें उचित होणार नाहीं. पण बाकावर सर्वांत अधिक भ्यालेलें जोडपें कोणतें असतें, तें विचारून पाहावें. ज्या दोघांची जात एक नाहीं, तें. दोन सज्ञान माणसांनीं विवाह ठरविला तर कुटुंबाची वा जातीची संमति आवश्यक नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं शक्तिवाहिनी खटल्यांत स्पष्ट सांगितलें. निकाल दिल्लीस लागतो. काका सोमेश्वरच्या रस्त्यावर भेटतो.

एवढें म्हटल्यावर, मग दोघांनीं केलेलें सर्वच क्षम्य काय, असें कोणी विचारील. मुळींच नाहीं, आणि दोष कोठें आहे तेंही ह्याच गांवाची कथा सांगते. तपोवनांत लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक कापलें आणि त्यावरून गांवाला नाशिक हें नांव पडलें, अशी समजूत आहे. तिचा अपराध कोणता? तिनें आपली इच्छा बोलून दाखविली हा नव्हे. वाल्मीकीच्या कथेंत रामानें तिला थट्टेनें लक्ष्मणाकडे आणि लक्ष्मणानें पुन्हां रामाकडे पाठविलें. त्या थट्टेचें समर्थन करतांना कीर्तनकारांचीही थोडी ओढाताण होते. अपराध घडला तो त्यानंतर. नकार मिळतांच ती सीतेवर धांवली. मागणी करण्याचा हक्क प्रत्येकास आहे, नकार पचविण्याचें कर्तव्यही प्रत्येकास आहे. पण आमच्या पुष्कळ तरुणांनीं नाटक-सिनेमांतून पहिली गोष्ट शिकून घेतली आणि दुसरीचा पाठ त्यांना कोणी दिलाच नाहीं.

म्हणून भेटीच्या योजनेंत मला पाहावेंसें वाटतें तें इतकेंच कीं, तींत दुसऱ्याच्या ‘नको’ला जागा किती ठेवली आहे. ‘तुला न सांगतां मी सगळें ठरविलें’ ह्या वाक्याचें हल्लीं मोठें कौतुक होतें. परंतु दोघें एकदम दिसलीं तर मुलाला घरीं चार शब्द ऐकावे लागतात आणि मुलीचें कॉलेज सुटतें. असें असतां संध्याकाळीं धरणावर न्यावयाचें, परतीच्या बसची वेळ पाहावयाची नाहीं, घरीं किती वाजतां पोंचलें पाहिजे हें विचारावयाचें नाहीं, आणि ह्याला तिच्यासाठीं केलेला बेत म्हणावयाचें, हें कसें? जोखीम जिची, तिलाच ती तोलूं न देणें ह्यांत प्रेमापेक्षां मालकीचाच भाग अधिक. ज्यानें आधीं विचारलें, गर्दीची जागा निवडली, उजेड असतांच परत फिरला, त्याच्या बेतांत चमत्कार कमी असेल. पण चमत्काराचें म्हणाल तर पंचवटींतला सोन्याचा मृग विसरूं नये. सीतेला तो हवा होता आणि रामानें तो आणूं म्हटलें, दोघांच्याही मनांत कांहीं वाईट नव्हतें. आणि कुटी रिकामी झाली ती त्यापायींच.

पांडवलेण्यांपर्यंत जे चढतात त्यांनीं दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरींत थोडें थांबावें. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्याचा मोठा लेख तेथें आहे. त्यानें दिलेल्या गाई, गांवें, नारळाचीं झाडें ह्यांची त्यांत मोजदाद आहे. त्याच ओसरींतील खोल्यांच्या दारांवर दुसरे लहान लेख आहेत: ही खोली नहपानाची कन्या, उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिचें दान, एवढाच त्यांचा आशय. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचें हें जोडपें. नवऱ्याच्या लेखांत बायकोला दडवून टाकलेलें नाहीं. तिनें दिलें तें तिच्या नांवानें, दारावर, येणाराजाणाराला वाचतां येईल असें लिहिलें आहे.

त्या डोंगरावर नवीन नांवेंही ओरखडलेलीं आढळतात. बाण, बदाम, दोन अक्षरें. लेणीं पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहेत आणि असें ओरखडणें गुन्हा आहे. दंड झालाच पाहिजे, त्यांत दयामाया नको. तीं दोन अक्षरें स्वैपाकघरांत आईसमोर एका वाक्यांत उच्चारतां आलीं असतीं तर किती जणांनीं खिळा घेऊन एवढा डोंगर चढण्याची तसदी घेतली असती, हें दंड वसूल करणाऱ्या शिपायालाही एकदां विचारून पाहण्यासारखें आहे. त्याच्याही घरीं मुलगी असेल, आणि तीही आज जादा तासाला गेली असेल.