मग्दलकरीण

पुण्याजवळच्या मोशीतल्या एका मंगल कार्यालयात, लक्ष्मीपूजनाच्या वेळी, ताटात पसरलेल्या तांदळांवरून अंगठी फिरत होती आणि नवऱ्या मुलाच्या संकोचलेल्या हातून नववधूचं नवं नाव उमटत होतं. 'श्र'च्या वळणाशी बोट अडखळलं, चार दाणे ताटाबाहेर सांडले, पेढे वाटले गेले, आणि जन्मापासून ज्या हाकेला ती वळत आली ते नाव कुणी न पुसताच पुसलं गेलं. अशा वेळी मला, का कोण जाणे, मादलेन आठवते.

मादलेन हे खास फ्रेंच वळणाचं स्त्रीनाम, पण त्याचं माहेर फार दूरचं. गालील सरोवराच्या पश्चिम काठी मग्दला हे गाव. तिथली म्हणून मरीया मग्दालीया, आणि शतकानुशतकं ओठांवर झिजत गेलेली मादलेन. आपण ज्याला नाव समजतो ते मुळात गावाचं बिरुद, आपल्या पुणेकरीण-सातारकरणीसारखं. मग्दलकरीणच म्हणा ना! त्या गावाच्या नावातही हिब्रू 'मिग्दाल' आहे, म्हणजे बुरूज, मनोरा.

हे नाव घेऊन एक स्त्री आपल्याकडे आली. इंग्रज नौसेनाधिकाऱ्याची कन्या मॅडलिन स्लेड बेथोव्हनच्या वेडापायी रोमाँ रोलाँपर्यंत पोचली, त्यांच्यामुळे गांधीजींपर्यंत, आणि 7 नोव्हेंबर 1925 ला साबरमतीला आली ती मीरा होण्यासाठी. पुढे वर्ध्याजवळच्या शेगावात गांधीजींच्या आधी तीच राहायला गेली. विदर्भात दुसरं शेगाव असल्यानं टपाल चुकायचं, म्हणून त्या गावाचंही नाव बदलून सेवाग्राम झालं. 1942 पासून ती आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होती, मोशीहून तासाभराच्या वाटेवर. महादेवभाई आणि कस्तुरबा, दोघांचंही जाणं तिनं तिथंच पाहिलं.

मौज अशी, की चितोडच्या सासरी मीराबाईलाही मेडतणी म्हणत: मेडत्याची लेक. मग्दलेची मेडत्याची झाली. नाव पालटलं, तरी त्याच्या तळाशी एक माहेरगाव राहिलंच. अर्थात मॅडलिनला ते नाव गांधीजींनी दिलं, पण तिनं ते आपखुशीनं घेतलं होतं, आणि हा फरक मला लहान वाटत नाही.

कार्यालयाच्या खिडकीतून मोशीचे नवे मनोरे दिसत होते. कधीकाळच्या शिवारावर मजल्यामजल्यानं दिवे लागत होते. आत कुणी मावशी नववधूला नव्या नावानं हाका मारत होत्या. तिसऱ्या हाकेला ती वळली.