अपूर्ण

मराठीत चित्रकाराला आधार देण्याचे दोनच शब्द रुळले आहेत. आरंभी शिष्यवृत्ती, अखेरीस जीवनगौरव. पहिल्यात तो शिष्य असतो; दुसऱ्यात, आता आपण थकलात, असे शालीच्या घडीतून सुचवलेले असते. मधल्या तीस-चाळीस वर्षांत हात तयार असतो आणि पडलेले प्रश्नही स्वतःचे असतात. त्या काळासाठी भाषेत शब्दच नाही. सरकारी परिभाषेने ‘अधिछात्रवृत्ती’ घडवली खरी, पण तिनेही पन्नाशीच्या माणसाला छात्र करूनच सोडले.

शब्द नसला की गरजही दिसेनाशी होते. नाव झालेल्याला काय कमी, असे आपण सहज म्हणतो. पण नवख्याचे चित्र कोणी घेत नाही आणि नामवंताचे घेतात ते मागच्यासारखे असेल तर! घराचे हप्ते असतात, स्टुडिओचे भाडे असते, गॅलरीचा फोन येतो: ‘त्या निळ्या मालिकेतली आणखी दोन होतील का?’ होतात. शैली ही चित्रकाराची ओळख असते आणि कधी तिची नोकरी होते, ते त्यालाही कळत नाही. त्याला पैसे हवे असतात ते चित्र काढण्यासाठी नव्हे, काही महिने तेच चित्र न काढण्यासाठी.

वासुदेव गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांना जे. जे.मधून बाहेर पडून सोळा वर्षे झाली होती आणि १९५७ सालचा टोकियोचा पुरस्कारही गाठीशी होता. त्यांना कोणी शिकायला धाडत नव्हते. त्यांची कामाची रीत पाहा. रोलरने रंगाचा थर पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून कुठे रंग ठेवायचा, कुठे उचलायचा. मग थर वाळेपर्यंत नुसते पाहत बसायचे. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे. हिशेबाच्या वहीत या पाहत बसण्याला रकाना नसतो आणि त्यांच्या चित्रातला सगळा प्रकाश तर तिथूनच येतो.

तय्यब मेहता १९६८ साली जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीतून न्यूयॉर्कला गेले. परतल्यावर, १९६९मध्ये, चित्र जमेना म्हणून वैतागाच्या भरात त्यांनी कॅनव्हासवर एक तिरका फटकारा ओढला. त्यातून त्यांची ‘डायगोनल’ मालिका उभी राहिली. म्हणजे निधीचे खरे फळ निधी संपल्यावर हाती आले. मुदतीच्या अहवालात ते दिसलेच नसते. अकबर पदमसींनी तर नेहरू फेलोशिपच्या पैशातून १९६९च्या सुमारास मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ काढले. चित्रकार आणि चित्रपटवाले तिथे एकत्र प्रयोग करू लागले. स्वतः पदमसींनी रेषा आणि बिंदूंचा ‘सिझिजी’ हा चित्रपट केला. चित्रकाराला वेळ द्या, तो कॅमेरा उचलेल. हे ज्याला चालत नाही, त्याने वेळ देऊच नये.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची चाळिशीपुढच्यांसाठी दोन वर्षांची, महिना २०,००० रुपयांची फेलोशिप आहे. पण मुंबईत एवढ्यात उत्तरेचा उजेड येणारी खोली मिळवून दाखवा! अमेरिकेत हे काम चित्रकारांच्या मागे उरलेल्या पैशानेच केले. ली क्रॅस्नर यांच्या मृत्युपत्रातून १९८५ साली पोलॉक-क्रॅस्नर फाउंडेशन उभे राहिले. अ‍ॅडॉल्फ गॉटलीब यांच्या नावाची संस्था, वीस वर्षे तरी काम केले आहे का आणि पैशाची निकड आहे का, हे पाहते. इथे गायतोंडे गेल्यावर बारा वर्षांनी, २०१३मध्ये, त्यांचे एक चित्र क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात २३ कोटींवर गेले. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५३अ अशा फेरविक्रीत चित्रकाराला किंवा वारसांना १० टक्क्यांपर्यंत वाटा देऊ करते. व्यवहारात ते कागदावरच निजले आहे. त्याला जागे करून त्यातला थोडा भाग हयात चित्रकारांच्या वेळासाठी बाजूला काढता येणार नाही का?

माझ्या परिचयातल्या एका चित्रकाराने पंचावन्नाव्या वर्षी एका संस्थेकडे अर्ज केला. ‘प्रकल्पाची अपेक्षित फलनिष्पत्ती’ या रकान्यापाशी तो तीन दिवस अडून बसला. मला म्हणाला, ‘‘अरे, ते आत्ताच ठाऊक असतं तर वर्षभर मागितलं कशाला असतं?’’ शेवटी त्याने रकाना कोरा ठेवला. महिनाभराने अर्ज परत आला. वर जांभळ्या शाईचा ठसठशीत शिक्का: ‘अपूर्ण’.

तो शिक्का त्याने ईझलच्या वर टाचून ठेवला आहे. शिष्यवृत्ती आणि जीवनगौरव यांच्या मधला शब्द मी इतके दिवस शोधत होतो. तो त्या कारकुनाला सापडला होता, फक्त त्याने तो नकार म्हणून वापरला.