पेत्राची सासू

पाहुणचार कुरकुर न करता करावा, असं प्रेषित पेत्रानं आपल्या पत्रात लिहून ठेवलं आहे. आमच्या घरी हे वचन मी वाचतो आणि बायको पाळते. एकदा तिनं शुभवर्तमान उघडून माझ्यापुढे ठेवलं. येशू पेत्राच्या घरी गेला तेव्हा पेत्राची सासू तापानं पडली होती. त्यानं हात धरून तिला उठवलं, ताप उतरला, आणि ती माउली लगेच पाहुण्यांची उठबस करू लागली. "अहो, पत्र जावयानं लिहिलंय," बायको म्हणाली, "सासूनं लिहिलं असतं म्हणजे कळलं असतं."

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. औदार्याचा विषय निघाला की आमच्याकडे रेव्हरंड टिळकांचं नाव निघतंच. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण हातात पैसा टिकू न देण्याचं व्रत त्याच्याही आधीचं. बालकवी ठोमरे ख्रिस्ती न होता त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. मात्र हे सारं आपल्याला कळलं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे. बाईंनी कुरकुर केली, पण काय देखणी केली!

तर अशी परंपरा पाठीशी घेऊन मी सावलीला मास्तर म्हणून गेलो. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायचा होता. तो १९८२ साली झाला. सावलीला पाहुण्यांची सवय जुनी. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन तिथे भरलं, तेव्हा खुद्द गांधीजी आले होते. पण पाहुण्यांचा खरा पूर दिवाळीनंतर, मंडईला. दिवसा मंडई, रात्रभर नाटक. त्या रात्री झाडीपट्टीतलं कुठलंच घर एका कुटुंबाचं राहत नाही. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "मास्तर, आमच्या घरी पाय ठेवाले जागा नाही जी. हे मामाजी तुमच्याकडे जेवतील काय?"

मामाजींचं धोतर विटलेलं, पायात काही नाही. मला आनंदच झाला. फेड करू न शकणाऱ्याला जेवायला बोलवावं, त्याची फेड पुढे देवाघरी होते, अशी येशूची शिकवण. आणि असा माणूस आयता दारात आला होता! मी आग्रह करकरून वाढलं. महिनाअखेर होती. भाताचं पातेलं खरवडल्याचा आवाज आला, तेव्हा मी स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आग्रह थांबवावा लागला असता.

आठ दिवसांनी मामाजी हजर. डोक्यावर गाठोडं. "घ्या जी मास्तर, नवा तांदूळ हाये."

माझ्या पोटात धस्स झालं. म्हणजे वरचं खातं इथेच बंद! मी घेईना. म्हातारा चिडला. "तुमी देल्लं त आमी खाल्लं. आमी देतो त तुमाले लाज वाटते काय?"

मी बायबल समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर ते मला ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"तसंही हे तुमाले नाही," ते म्हणाले. "त्या रात्री बाई उपाशी होती. म्या पाह्यलं."

बायकोनं गाठोडं घेतलं, त्यांना पाट दिला आणि चूल पेटवली. मला पाण्याला पाठवलं.