चुलत्यासाठी रडावे काय?

ख्रिस्ती कुटुंबात कोणी प्रभूमध्ये निजला असता मागे राहिलेल्यांनी रडावे किंवा नाही, हा प्रश्न खेडोपाडीच्या बंधूंनी आम्हांस अनेकदा विचारिला आहे. विचारणारे बहुधा उपदेशक असतात. मातीच्या वेळी चार शब्द बोलण्याचे काम त्यांच्यावर येते. आणि समोर घरची माणसे हंबरडा फोडीत असता त्यांस गप्प करावे की आपणही डोळे पुसावे, हे त्यांस कळेनासे होते. शिवाय गावचे इतर लोक सभोवार उभे असतात. आपण रडलो तर ते म्हणतील, यांची पुनरुत्थानाची आशा तोंडापुरती. न रडलो तर म्हणतील, यांनी धर्म बदलला तशी मायाही टाकिली. या पेचात सापडून पुष्कळ जण सोपी वाट धरितात, आणि शोक करणाऱ्यास सांगतात की, ख्रिस्ती मनुष्य रडत नसतो. हे सांगणे खरे आहे काय?

असे सांगणारे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस जे लिहिले त्याचा आधार घेतात. परंतु ते अर्धेच वाक्य घेतात. प्रेषिताने खेद करू नका एवढेच म्हटले नाही. ज्यांस आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असे म्हटले आहे. जो खेद आशेसह असतो त्यास त्याने कोठेही मना केलेले नाही. तो स्वतः एपफ्रदीताच्या दुखण्याविषयी फिलिप्पैकरांस लिहितो तेव्हा, हा बंधू मरता तर आपणांस दुःखावर दुःख झाले असते, असे मोकळेपणी कबूल करितो. आणि प्रेषिताचे राहू द्या. बेथानीस प्रभूने काय केले ते पाहा. लाजरास उठविण्यास आपण जात आहो, हे त्याने आधीच शिष्यांस सांगितले होते. थोड्याच वेळाने तो मृत बाहेर येणार, हे त्याच्याइतके कोणासही ठाऊक नव्हते. तरी मरियेचे रडणे पाहून तो रडला. आशेने अश्रू सुकावे असा नियम असता, तर त्या दिवशी सर्वांत कोरडे डोळे त्याचेच असावयास पाहिजे होते.

पुढच्या काळातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. इ. स. ३८७ मध्ये ऑगस्टीनाची आई मोनिका ही ऑस्तिया बंदरी मरण पावली. तिचे डोळे मिटताच ऑगस्टीनाचा मुलगा, सुमारे पंधरा वर्षांचा, मोठ्याने रडू लागला, आणि जमलेल्या सर्वांनी त्यास गप्प केले. अशा विश्वासू बाईच्या मरणी रडणे शोभत नाही, असे त्यांस वाटले. स्तोत्र गाण्यात आले. ऑगस्टीनाने मोठ्या बळाने अश्रू आवरले. पुरण्यास नेले तेव्हाही तो रडला नाही. दुःख धुऊन जाईल म्हणून त्याने स्नान केले, पण ते गेले नाही. शेवटी रात्री झोपून उठल्यावर, एकटा असता, तो देवासमोर आईसाठी रडला, आणि मगच त्याच्या मनास विसावा मिळाला. हे सर्व त्याने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेविले आहे. आणि यात कोणास पाप दिसले तर त्याने आपणांस हसू नये, आपल्यासाठी रडावे, अशी विनंती केली आहे. एवढा मोठा पंडित दिवसभर जे अडवून धरीत होता, ते त्या मुलाने पहिल्याच क्षणी केले. आम्हांस वाटते की, त्या घरात त्या वेळी मुलगाच खरा वागला.

आता चुलत्याविषयी बोलू. बेथानीस बहिणी भावासाठी रडल्या, ऑस्तियास पुत्र मातेसाठी. ही नाती अशी आहेत की, लोक रडण्यास थोडी तरी मोकळीक देतात. चुलता मेला असता मात्र पुतण्यास उलट विचारितात, तुझा बाप तर जिवंत आहे ना? नोकरीवरच्या पुतण्यास रजा मागतानाही संकोच वाटतो. जणू शोकाचे माप नात्याच्या पायरीवरून घ्यावयाचे! आमच्या महाराष्ट्रात तर चुलत्याचे नाव फारसे चांगले नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याने राघोबास मारलेली हाक शाळकरी मुलांसही ठाऊक आहे, आणि बांधावरून चुलत्या-पुतण्यांचे चाललेले दावे कोणत्या तालुक्यात नाहीत? परंतु पवित्र शास्त्रात दुसराही एक चुलता आहे. लोटाचा बाप हारान लवकर मरण पावला, आणि अब्राहामाने त्या पोरक्या पुतण्यास आपल्याबरोबर नेले. गुराख्यांचे भांडण झाले तेव्हा वडीलपणाचा हक्क बाजूस ठेवून त्याने लोटास आधी जमीन निवडू दिली, आणि पुतण्याने पाणथळ, चांगली ती निवडली. पुढे लोट कैद झाला, तेव्हा हाच चुलता ३१८ माणसे घेऊन रातोरात त्याच्या सुटकेसाठी धावला.

असे चुलते आमच्या मंडळ्यांत आहेत. आमचेच धाकटे चुलते गेल्या पावसाळ्यात प्रभूमध्ये निजले. १९७२ च्या दुष्काळात ते सतरा वर्षांचे होते. घरात दोघे भाऊ शिकत होते, आणि दोघांचा खर्च निघणे शक्य नव्हते. त्यांनी कोणास न विचारता शाळा सोडिली, रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडली, आणि मजुरीतून आमच्या वडिलांचे शिक्षण चालविले. वडील शिक्षक झाले. चुलते जन्मभर शेतावर राहिले. ही हकिकत आम्हांस वडिलांकडून कळली. चुलत्यांच्या तोंडून ती कधी निघाली नाही. हिवाळ्यात शनिवारी ते हरभऱ्याचा डहाळा बांधून आणीत, आणि मुलांच्या परीक्षेचा निकाल वडिलांआधी त्यांस कळावा लागे. गाण्यात त्यांचा सूर मात्र कधी लागला नाही, आणि उपासनेत सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असे. अशा मनुष्यासाठी त्यांची नऊ वर्षांची नात मातीच्या वेळी ओरडून रडू लागली, तेव्हा एका वडील गृहस्थांनी तिच्या तोंडावर हात ठेविला व म्हटले, आबा देवाघरी गेले, रडायचे नाही. त्यांचा हेतू चांगला होता. पण त्या मुलीने काय शिकावे? देवासमोर खरे बोलू नये, हेच ना?

कोणी म्हणेल, मेलेला सुखात आहे, तर आपण रडतो ते स्वतःसाठीच. मग हा स्वार्थ नव्हे काय? रडणे आपल्यासाठी असते, हे खरे. परंतु स्वार्थ म्हणजे दुसऱ्याचे आपण ओढून घेणे. येथे तर देवाने दिलेली देणगी हातची गेली आहे, आणि ती देणगी होती असे अश्रू सांगतात. जिचे जाणे कोणास जाणवलेच नाही, तिच्याबद्दल त्याने देवाचे आभार तरी कधी मानिले असतील? दुसरे असे की, आशा आहे ती पुन्हा भेट होण्याची. वियोग झालाच नाही असे ढोंग केले, तर भेट कोणाची व्हावयाची? ज्याला पुनरुत्थान पाहिजे त्याने मरण हे मरणच आहे, असे आधी मान्य केले पाहिजे. मरण किरकोळ आहे असे समजणाऱ्यास रिकाम्या कबरेची गरजच नाही.

ऊर बडवून घेणे, देवास दोष देणे, जिवंतपणी ज्याला पाणी विचारले नाही त्याच्यासाठी चारचौघांत गळा काढणे, यांविषयी आम्ही बोलत नाही. तो शोक कोणता हे सर्वांस कळते. चुलतीच्या बांगड्या फोडण्याची चाल काही ख्रिस्ती घरांत अजून आहे. ती आम्ही कधीच मान्य करणार नाही.

आमची चिंता निराळी आहे. आमच्या पूर्वजांनी सुतक, पिंड, दहावा, तेरावा हे सोडले, ते योग्यच केले. परंतु विधीबरोबर माणसांचे येणेही सुटत चालले आहे. पूर्वी दुःखाच्या घरी चूल पेटत नसे. भाऊबंद पिठले-भाकरी घेऊन येत, जवळ बसत, दुखवट्याला दूरदूरचे पाहुणे येत. आता माती होते, प्रार्थना होते, आणि संध्याकाळी घर रिकामे होते. विधवा चुलतीस आशेची वचने ऐकविण्यास पुष्कळ जण पुढे होतात. चौथ्या आठवड्यात तिची निंदणी कोणी केली, हे कोण विचारितो? पुतण्याच्या अश्रूंस हरकत नाही, मात्र पेरणीच्या वेळी त्याचे औत तिच्या शेतात दिसले पाहिजे.

किती दिवस शोक करावा, असेही उपदेशक विचारितात. इस्राएल लोक मोशेसाठी ३० दिवस रडले, मिसरी लोक याकोबासाठी ७०, आणि योसेफाने बापासाठी यार्देनेपलीकडे ७ दिवस शोक केला. यांवरून एक ठरीव संख्या निघत नाही, आणि ती काढण्याच्या भरीस कोणी पडू नये. आमच्या घरी दहाव्या दिवशी विधी नसताही शेजारीपाजारी सवयीने आले, आणि काय करावे हे न कळून ओसरीवर बसून राहिले. तेव्हा वडिलांनी म्हटले की, ज्याला जे आठवते ते त्याने सांगावे. शेजारच्या मळ्यातील एक मराठा शेतकरी उठून म्हणाला की, एका उन्हाळ्यात त्याची विहीर आटली असता आमच्या चुलत्यांनी स्वतःचा कांदा अर्धा जाळू दिला, आणि पाणी त्याच्या वाफ्यांस सोडले. हे कोणास सांगू नको, असेही बजाविले होते. सांगताना त्यास रडू आले. चुलतीने त्याच्या हाती चहा दिला. ही गोष्ट तीही प्रथमच ऐकत होती.