उघडे पत्र
(नहेम्या, अध्याय ५ व ६ वाचावे.)

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस आपल्या मंडळीतील एखादा बंधू उभा राहतो, आणि अर्ज भरून आठ दिवस होत नाहीत तोच चावडीपासून पाणवठ्यापर्यंत त्याच्याविषयी नाना गोष्टी उठू लागतात. याने घरकुलाच्या कामी पैसे खाल्ले; हा निवडून आला तर गाव बाटवील; याच्या पाठीशी परदेशचा पैसा आहे. अशा समयी त्याने काय करावे? जशास तसे, हे उत्तर तर प्रत्येकाच्या जिभेवर आधीच असते.

ख्रिस्तापूर्वी ४४५ च्या सुमारास राजाचा प्यालेबरदार नहेम्या यरुशलेमेस येऊन पडका तट बांधू लागला. सनबल्लट, तोबीया व गेशेम यांना ते सोसवेना. त्यांनी प्रथम थट्टा केली. मग ओनोच्या मैदानात भेटीस ये, असा निरोप चार वेळा पाठविला. हातचे काम टाकून येता येत नाही, हेच उत्तर त्याने चारही वेळा दिले. पाचव्या वेळी चाकराच्या हाती पत्र आले, ते उघडे. उघडे का? मोहोरबंद पत्र एकट्या नहेम्याने वाचले असते. उघडे पत्र वाटेत ज्याच्या हाती पडेल तो वाचील. आज मोबाईलवरून रात्री गावभर फिरणारा निनावी मजकूर तो हाच. पत्रात आरोप होता की, हा बंड करून राजा होऊ पाहतो. आणि पुरावा काय, तर लोक तसे बोलतात व गेशेमही म्हणतो!

नहेम्या गप्प राहिला नाही. असे काही घडलेले नाही, ही तुझ्या मनची रचना आहे, इतकेच त्याने कळविले, आणि तो पुन्हा तटाकडे वळला. सनबल्लटाच्या घरची लक्तरे त्याने वेशीवर टांगली नाहीत. प्रभू पिलातापुढे मौन राहिला, म्हणून आपणही कधी उत्तर देऊ नये, असे काही बंधू समजतात. परंतु मुख्य याजकापुढे ज्याने त्यास चपराक मारली त्याला, माझे काय चुकले ते दाखव, असे प्रभूने विचारलेच होते.

पण या पत्रापूर्वीचा पाचवा अध्याय आमचे उपदेशक बहुधा गाळतात. तेथे गरिबांचे गाऱ्हाणे आहे, आणि ते खरे आहे: शेते गहाण पडली, मुलेमुली दास्यात गेली. नहेम्याने सरदारांना दोष दिला, परंतु आपण व आपले भाऊही कर्जाऊ देत होतो हे भरसभेत कबूल केले, आणि व्याज सोडविले. सुभेदाराचा भत्ता तर त्याने बारा वर्षे घेतला नाही. तेव्हा उमेदवाराने आधी आपली वही तपासावी. आरोपात खरे असेल तेवढे लोकांपुढे कबूल करावे, आणि हिशेब ग्रामसभेत उघडा ठेवावा. प्रतिपक्षाच्या कारभाराविषयी बोलण्यास आमची हरकत नाही. नळयोजना अपुरी राहिली असेल तर ती कोणत्या वर्षी मंजूर झाली व काम कोठे अडले, हे कागद दाखवून सांगावे. त्याची बायको, त्याची जात व त्याच्या घरातील भांडणे यांना मात्र हात लावू नये. आपल्या बाजूच्या तरुणांनाही लावू देऊ नये, कारण घाण बहुधा तेच फेकतात.

उमेदवाराच्या वर्तनाविषयी जाणूनबुजून खोटे पसरविणे हा गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १७५ व्या कलमात त्यास दंड सांगितला आहे. पुरावा जपून फिर्याद देणे म्हणजे सूड नव्हे. पौलानेही कैसराकडे दाद मागितली.

सर्वांत कठीण परीक्षा घरातून आली. शमाया नावाच्या संदेष्ट्याने, जीव वाचविण्यासाठी मंदिरात लपून बैस, असा सल्ला दिला. तो पैसे घेऊन बोलत होता. ‘आपण ख्रिस्ती म्हणून आपला छळ होतो, तर सर्व ख्रिस्त्यांनी मला मत द्यावे,’ असे म्हणण्याचा मोह आमच्या उमेदवारांना होतो. तेही मंदिरात लपणेच आहे. १७७४ साली जॉन वेस्ली याने आपल्या लोकांस बजाविले होते की, मोबदला न घेता योग्य माणसास मत द्या, आणि ज्यास मत दिले नाही त्याची निंदा करू नका. हे वचन उपदेशकांनी निवडणुकीच्या आधीच्या रविवारी सांगावे. कोणास मत द्यावे हे मात्र सांगू नये.

तट बावन्न दिवसांत पुरा झाला. त्यानंतरही तोबीयाची पत्रे येतच राहिली, आणि यहूदातील कित्येक सरदार नहेम्यासमोरच त्याची स्तुती करीत. नहेम्याने दरवाजे बसविले आणि द्वारपाळ नेमले.