मागणी आणि मर्यादा

मनःस्वास्थ्यावरच्या व्याख्यानांत हल्ली एक सल्ला हमखास टाळ्या घेतो: आपली मर्यादा एकदाच ठणकावून सांगा, दुसरा इशारा दिलात की पहिला पोकळ ठरतो. सासू-सून, साहेब-कारकून, वरच्या मजल्यावरचा दणदणाट, ही उदाहरणे वाचकाला पाठ असतील. पण नाशिकच्या सभागृहात हा सल्ला खटकतो.

पंचवटीतल्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी सत्याग्रह सुरू केला. तोही पहिला इशारा नव्हताच. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाले होते. नाशिकला दारे बंद झाली. रामनवमीच्या रथाबाबत ठरलेली तडजोड मोडली, दगड पडले. तरी माणसे वर्षामागून वर्षे येत राहिली. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्राने कळवले की हा लढा मूर्तिपूजेच्या ओढीने नव्हता, समाज जागा व्हावा म्हणून होता. आता तो थांबवावा. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात घोषणा झाली: हिंदू म्हणून मरणार नाही.

आवाज चढत गेला, असे यावर म्हटले जाते. खरे तर बोलण्याचा रोखच बदलला. नाशिकला ‘तुम्ही दार उघडा’ अशी मागणी होती. येवल्यात ‘आम्ही काय करणार’ एवढेच सांगितले गेले. मागणी पुरी करणे दुसऱ्याच्या हाती असते, मर्यादा पाळणे आपल्या.

पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढणार असला की गोदाघाटावर आधी सूचना येते, टपऱ्या हलतात. पुढे दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले की छातीपर्यंत, यावर नाशिककर पूर मोजतात. धरण कुणाला वागणूक सुधारायला सांगत नाही. किती सोडणार, तेवढे कळवते.

घोषणेनंतर धर्मांतराला २१ वर्षे लागली, एवढ्यात इशाऱ्याची धार जात नाही का, असे व्याख्याते विचारतील. आक्षेप बिनतोड वाटतो. पण उठून जाण्याची सोय ज्याच्याकडे आहे, त्यालाच एकदा सांगून निघता येते. ज्याचे पिण्याचे पाणीही दुसऱ्याच्या ताब्यात, त्याला आधी वाट शोधावी लागते, सोबतच्यांना तयार करावे लागते. समोरच्याला संधी मिळावी म्हणून इशाऱ्यांच्या पायऱ्या असतात, हे मग अर्धेच खरे ठरते. त्यांची जास्त गरज इशारा देणाऱ्यालाच असते.

दरम्यान १९४७ मध्ये मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्याने देवळांची दारे खुली केली. नुसती मागणी असती तर ती तिथेच मिटली असती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.