ओझं आणि कमान

बालाघाटहून बैहरकडे निघालं की गांगुलपाऱ्याच्या पुढे घाट लागतो. त्या वळणांवर आमच्या जिप्सीचा आवाज मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. चाक खड्ड्यात गेलं की एक कोरडा टोला, आणि वेग उतरवून वळताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखी कुरकुर. मागे आई बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वेळी ही अशी बोलत नव्हती."

मारुती जिप्सी १९८५ साली आली आणि २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. आमच्या जिल्ह्यात तिला वेगळा मान आहे. कान्हाच्या मुक्की दरवाजातून पहाटे आत शिरणाऱ्या जिप्सी इथल्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. नवी मिळत नाही म्हटल्यावर जी आहे तिला जपणं एवढंच उरतं. आमच्या गाडीला पुढे आणि मागे कमानी आहेत, म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. बाबांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी मूळ पाटे काढून बाजारातले जाड पाटे बसवले, मागे एक पाटा जास्तीचा टाकला आणि चारही चाकांना वायू भरलेले शॉकर लावले. कारण साधं होतं. वारासिवनीकडच्या शेतातला चिन्नोर भात पोत्यांत भरून ते गोंदियाच्या गिरणीवर नेत. पोती चढली की मूळ कमानी पार सपाट होत.

आता तो आवाज होता आणि प्रश्न होता. शॉकर उघडून दुरुस्त करायचे की सगळं काढून नवं बसवायचं? दोन ठिकाणी विचारलं. एकाने गाडीखाली न वाकताच सगळं बदला म्हणून सांगितलं. दुसरा मिस्त्री मूळचा आमगावकडचा. तो म्हणाला, "आवाज कुठून येते ते आधी पाहू न काका. मग बदलायचं बोला."

या वाक्याने मी थांबलो. दुरुस्ती की बदल, हा प्रश्न आपण इतक्या घाईने विचारतो की नक्की काय बिघडलं आहे हे पाहायचं राहूनच जातं. गाडीच्या सांगाड्यातून आवाज लोखंडावरून धावतो आणि भलतीकडेच उमटतो. मागचा टोला पुढून आल्यासारखा वाटतो. म्हणून कानावर विसंबायचं नसतं. मिस्त्रीने मला बंपरवर जोर देऊन गाडी वरखाली हलवायला लावली आणि स्वतः आडवं होऊन एकेका सांध्यावर तळहात ठेवला. सांधा सैल असेल तर तो टोला हाताला लागतो. कमानीचं टोक जिथे शॅकल नावाच्या लोखंडी दुव्याला अडकतं तिथल्या रबरी बुशवर त्याचा हात थांबला. रबर आतून फाटलं होतं. मागच्या डाव्या शॉकरच्या दांड्यावर तेलाची ओल होती आणि मुलाम्यावर गंजाचे बारीक खड्डे.

आमच्या आजोबांकडे खाचर, म्हणजे बैलगाडी, होतं. उन्हाळ्यात लाकूड आकसून चाकावरची लोखंडी धाव ढिली पडे आणि चालताना खडखडे. तेव्हा चाक काढून रात्रभर नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवत. लाकूड फुगे, धाव घट्ट बसे. तेवढ्याने भागलं नाही तरच लोहाराकडे नेत. खडखड कोरड्या लाकडाची आहे, लोखंडाला काही झालेलं नाही, हे ज्याला कळलं त्याच्यासाठी अर्धा निर्णय झालेलाच असे. असं ओळखणारा माणूस आसपास असणं ही मला आता मोठी संपत्ती वाटते. तो नसला की दुरुस्तीचा पर्यायच उरत नाही.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार गंभीरपणे केला आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धारावर स्वतंत्र अध्याय आहे. मूर्ती फार जीर्ण झाली, भंगली, तर ती सोडून द्यावी, लाकडाची अग्नीला आणि दगडाची पाण्याला द्यावी, असं तिथे सांगितलं आहे. पण नवी मूर्ती जुनीच्याच मापाची आणि त्याच द्रव्याची हवी, अशी अट आहे. बदलायला परवानगी आहे, माप मोडायला नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या मूर्तीची झीज थोपवण्यासाठी वज्रलेप करतात. तिथे बदल कोणाच्या मनातही येत नाही. भक्तांच्या हातांनी, कपाळांनी ज्या दगडाला स्पर्श केला तोच दगड त्यांना समोर हवा असतो.

आपला कायदाही वेगळ्या वाटेने याच मापाकडे येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाहनातल्या फेरफारांबद्दल आहे. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. दोन्ही ठिकाणी मूळ माप हा आधार आहे, आणि त्यात शहाणपण आहे, हे मला मान्य आहे. तरीही मूर्ती आणि गाडी यांत एक फरक आहे. मूर्तीवरचं ओझं बदलत नाही. गाडीवरचं बदलतं.

बाबा गेल्याला सहा वर्षं झाली. शेत बटईने दिलं आहे. पोती आता जिप्सीत चढत नाहीत. त्यात बसते आई, तिची पिशवी, कधी माझी मुलगी. कमान मात्र अजून त्या पोत्यांसाठी ताठ उभी आहे.

इथे थोडं यंत्राकडे जायला हवं. मॉरिस ऑली हे अभियंते रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. त्यांनी एका गाडीवर हलवता येतील अशी वजनं लावून, माणसांना आत बसवून, कोणता झोका शरीराला सोसतो हे तपासलं. मोटारीचा आरामाचा झोका मिनिटाला साधारण साठ ते नव्वद असतो, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलांच्या आसपास. पुढच्या स्प्रिंगा किंचित मऊ आणि मागच्या किंचित ताठ ठेवल्या, की उंचवट्यावर मागून सुरू झालेला झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी समतल राहते, हेही त्यांनी दाखवलं. पण 'किंचित' याचा अर्थ वजनावर ठरतो. भरल्या पोत्यांखाली जी कमान शांत डुलत होती, तीच रिकाम्या गाडीखाली दगडासारखी वागते. मग चाकाला बसलेला टोला कमान गिळत नाही. तो बुशमध्ये, शॅकलमध्ये, शेवटी आईच्या कमरेत जातो.

शॉकरचं काम याहून वेगळं. तो वजन पेलत नाही, झोका विझवतो. दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो, त्याला बारीक भोकं आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड. तेल त्या चकत्या वाकवत पलीकडे जातं आणि हालचालीची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकरला हात लावला तर तो कोमट लागतो, तो याच कारणाने. आत वातावरणाच्या वीसेक पट दाबाचा नायट्रोजन असतो, म्हणजे तेलाला फेस येत नाही. ताठ कमानीला जोरदार शॉकर लागतो. म्हणून बाबांनी लावलेले शॉकर त्या कमानींच्या जोडीचे होते आणि त्या पोत्यांच्याही.

तेव्हा मला उमगलं, की शॉकर 'होते तसे' दुरुस्त केले तर मी बाबांच्या ओझ्याची दुरुस्ती करत असेन. ते ओझं आता नाही. आणि मूळ मापाचं सगळं नवं आणलं तर चांगलं पोलाद भंगारात जाईल. पाट्यांना तडा नव्हता, ते बसलेही नव्हते.

मधल्या काळात एकदा नैनपूरला गेलो होतो. तिथल्या नॅरोगेज संग्रहालयात ते लहान डबे उभे आहेत. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा रेल्वेमार्ग बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला घातला. गोंदिया-बालाघाट भाग आधी ब्रॉडगेज झाला, पुढच्या भागावरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. त्या गाडीचा आवाज माझ्या लहानपणाचा आवाज आहे, आणि सामनापूरच्या जंगलातून ती जात असताना खिडकीबाहेर हात काढला तर पानं लागत. ती गेली याचं मला दुःख आहे. पण ७६२ मिलिमीटरची वाट कितीही दुरुस्त केली तरी १,६७६ची होत नाही. भरवेलीचं मँगनीज, मलाजखंडचं तांबं, दक्षिणेकडे लवकर पोचू पाहणारी माणसं, इतकं ओझं त्या रुळांच्या आवाक्यातलं नव्हतं. तिथे बदलच योग्य होता. आमच्या गाडीखाली उलटं घडलं होतं. ओझं घटलं होतं.

मिस्त्रीला एकच विचारलं, हे शॉकर उघडतात का? त्याने नळीचं तोंड पुसून बोट फिरवलं आणि हसला. आटे होते. मला त्या आट्यांचं फार मोल वाटतं. बहुतेक शॉकरची नळी कारखान्यातच वेल्डने किंवा कडा दुमडून कायमची बंद करतात. ते बिघडले की फेकायचे. म्हणजे दुरुस्त करायचं की बदलायचं, हे आपण ठरवण्याआधी कितीतरी वर्षं, नकाशाच्या टेबलावर कोणीतरी ठरवून टाकलेलं असतं. जो झाकणाला आटे पाडतो तो पुढे येणाऱ्या एखाद्या अनोळखी हातावर विश्वास टाकतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारीही घेतल्या, तेव्हा मला या झाकणाची आठवण झाली. उघडताच न येणाऱ्या वस्तूवर असा हक्क बजावायचा कसा?

आणि उघडता येण्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला आधी दिसली नव्हती. उघडलेला शॉकर फक्त पूर्ववत होतो असं नाही. आतल्या चकत्या जाडच्या जागी पातळ लावल्या की त्याचा स्वभाव मऊ होतो. नवा तयार शॉकर कारखान्याने गृहीत धरलेल्या वजनाचा मिळतो. उघडलेला आपल्या घरच्या वजनाचा करता येतो.

मग ठरलं. मागच्या कमानीतला बाबांनी टाकलेला जास्तीचा पाटा कमानीवाल्याकडून काढून घेतला. उरलेले पाटे पुसून, घासून पुन्हा बांधले. बुश सगळे नवे, आणि रबरीच घेतले. पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात, पण वंगण सुकलं की तेच कुरकुरतात. शॉकर पुण्याला पाठवले. शर्यतीच्या मोटारसायकलींचे शॉकर उघडणारा एक लहान कारखाना आहे, त्याने नव्या चकत्या, नवं तेल, नवे सील घातले. गंजलेला एक दांडा मात्र त्याने घासला नाही. खड्डे पडलेल्या दांड्यावर नवा सीलही महिन्या-दोन महिन्यांत फाटतो, म्हणून तो बदलला. जोडीतले दोन्ही शॉकर मात्र उघडले, कारण एका आसावर एक मऊ आणि एक ताठ चालत नाही.

काढलेला पाटा घरी अंगणात ठेवला आहे. त्याच्यावर पोत्यांच्या दिवसांतली झीज आहे, मधोमध, बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी.

जोडणीच्या दिवशी आई सोबत आली होती. मिस्त्रीने कमानी लावल्या, शॉकर लावले, बोल्ट हाताने फिरवले आणि जॅक उतरवला. तेव्हा कळलं की पहिले बुश लवकर का फाटले. चाकं हवेत लटकत असताना बोल्ट आवळले तर रबर त्या लटकत्या स्थितीत धरलं जातं, आणि गाडी खाली आली की जन्मभर पिळलेलंच राहतं. बोल्ट आवळायचे ते गाडी जमिनीवर असताना, रोज असेल तेवढ्या वजनाखाली.

मिस्त्री पान्हा हातात घेऊन उभा राहिला आणि आईकडे वळला. "काकू, मागं बसा न जरा. रोज बसता तिथंच."

आई चढून बसली. पिशवी मांडीवर घेतली. कमान थोडी दबली. मिस्त्री गाडीखाली गेला आणि एकेक बोल्ट आवळू लागला.

"किती वेळ बसू?" आईने विचारलं.

"बसा निवांत," गाडीखालून आवाज आला. "हलू नका फक्त."